तीन बोटं बूच

छोटीने उजव्या पायातला बूट काढला आणि दादाच्या पुढ्यात, ठोकायच्या लोखंडावर ठेवला.

"यातलं बूच काढून टाक."

दादाच्या एका हातात कापायची रापी, मांडीवर चामड्याचा तुकडा. त्याने मान वर केली नाही.

"का, टोचतंय?"

"टोचत असतं तर बरं झालं असतं."

तेव्हा कुठे त्याने चष्मा कपाळावर सरकवला. छोटी म्हणजे नावाला छोटी. वय बेचाळीस, कानामागे पांढरे केस. सात वर्षांची असताना ताप आला आणि उजवा पाय तीन बोटं आखूड राहिला. दादा तेव्हा सतरा वर्षांचा. गावभर कुणाला तसा बूट करता येईना, म्हणून तो स्वतः शिकला. पहिले दोन फसले. तिसऱ्यात त्याने आत बुचाचे पातळ थर एकावर एक चिकटवले, बाहेरून काही दिसणार नाही असे, आणि छोटी अंगण ओलांडून सरळ चालत गेली. त्या दिवसापासून दुकानाचं नाव झालं. वाकड्या, आखूड, वळलेल्या पायांची माणसं लांबून यायची. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी फर्मा भिंतीला टांगलेला, त्यावर पेन्सिलीने खूण.

आता फर्म्यांवर धूळ होती. तीन वर्षांपूर्वी कल्याण खात्याने फुकट बूट वाटायला काढले. लहान, मध्यम, मोठा.

"पाय म्हणजे काय बनियन आहे का?" दादा जो भेटेल त्याला विचारायचा. पण फुकट ते फुकट. गिऱ्हाइकं गेली. परत यायची ती खात्याचे बूट घेऊन, जरा आतून कापूस भरून द्या म्हणत. शेवटी त्याने दारावर पाटी लावली, 'येथे कोणत्याही योजनेचे फॉर्म भरून मिळणार नाहीत, व कापूसही.'

"तू खात्याच्या ऑफिसात गेली होतीस," तो म्हणाला.

"गेल्या महिन्यात. अपंगांच्या भत्त्यासाठी."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर?"

त्याने रापी खाली ठेवली.

"मग?"

"फरशीवर पिवळी पट्टी आखलीय. तिच्यावरून चालायचं. मी चालले. त्यांनी लिहिलं, चाल सामान्य." तिला हसू आलं. "तुझी कमाल आहे दादा. तिघं तिघं बघत होते, एकालाही कळलं नाही."

"पाय मोजला नाही? टेप नव्हती त्यांच्याकडे?"

"टेपचा रकाना फॉर्मात नाही. रोज जे घालता तेच घालून चालून दाखवायचं, असा नियम आहे. उद्या पुन्हा बोलावलंय. शेवटचं."

दादा उठला. त्याला बसून राग येत नसे.

"चामडं आणलं की कर. विकलं की कर. या खोलीत बसायचा वेगळा कर. का, तर गरिबांना मदत करायचीय. त्या पैशातून ऑफिस बांधायचं, ऑफिसात पंखा, पंख्याखाली साहेब. मग उरलंसुरलं तुझ्यासारखीला, तेही आधी लंगडून दाखव म्हणून. अगं, चोर बरा. चोर घेऊन जातो आणि गप्प बसतो. वर आभार माना म्हणत नाही."

"सगळं खरं आहे."

"आणि त्यासाठी मी खोटा बूट करू?"

"खोटा कसा? पाय माझा तेवढाच आहे. खोटं बोलतो तो हा." तिने लोखंडावरच्या बुटाकडे बोट दाखवलं.

दादाने बूट उचलला, बाहीने पुसला, पुन्हा ठेवला.

"तुला कमी काय आहे इथे? मी कधी काही म्हटलं? तुझ्या वहिनीने म्हटलं?"

"वहिनी चांगली आहे. ती काही म्हणत नाही, म्हणून तर." छोटी स्टुलावर बसली, आखूड पाय लोंबकळत. "नर्सबाई भाड्याने राहतात, त्यांची वरची खोली रिकामी आहे. अर्धं भाडं देशील तर ये म्हणतात. मला दार लावून झोपायचंय, दादा. साबण संपला तर कुणाला न सांगता आणायचाय. तूच म्हणतोस ना, दुसऱ्याच्या हाताकडे बघून जगू नये. मी कुणाच्या हाताकडे बघते?"

"घरातलं ते वेगळं."

"पंचवीस वर्षं तुझ्या प्रत्येक बुटाचं वरची शिवण माझी आहे. पगार दिलास कधी?"

"घरातल्या माणसाला पगार?" तो खरंच गोंधळला. दोन्ही हात नुसतेच पुढे राहिले. मग तो भिंतीशी गेला, एक फर्मा उगाच सरळ केला. "देऊ की. या महिन्यापासून देऊ."

छोटीने भिंतीवरच्या सगळ्या फर्म्यांवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्याच्याकडे पाहिलं.

"कशातून?"

दादा खाली बसला. चामडं पुन्हा मांडीवर घेतलं.

"बूच मी काढणार नाही," तो म्हणाला. "बाकी तुझं तू बघ."

तिने तिचं बघितलं. सकाळी ती निघाली तेव्हा पायात खात्याचे बूट होते, मध्यम. कुणाकडून आणले कोण जाणे. पहिल्याच पायरीवर ती कलली आणि तिने कठडा धरला. वहिनीने आतून दादाकडे नुसतं पाहिलं. तसं पाहिल्यावर माणूस चपला घालतो.

ऑफिसात बाकं भरलेली होती. प्रत्येकजण आपलं दुखणं जरा वर काढून बसला होता. कुणी बाही दुमडलेली, कुणी पट्टी सैल केलेली. एका म्हाताऱ्याने दादाला ओळखलं. पूर्वीचं गिऱ्हाईक. तोही खात्याच्या बुटात होता. त्याने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"तब्येत बरी?" म्हातारा म्हणाला.

"बरी," दादा म्हणाला.

छोटीला हाक आली. दादा दाराशी उभा राहिला. पिवळी पट्टी दहा-बारा पावलांची, मधे झिजलेली. छोटी चालू लागली. थप्, मग अर्धं काही तरी. थप्, मग अर्धं. अंग एका बाजूला पडायचं आणि ती ते ओढून परत आणायची. पट्टीच्या शेवटी तिच्या ओठावर घाम होता. दादा खिडकीकडे बघत होता. पस्तीस वर्षांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता.

डॉक्टरने कागद उलटला.

"मागच्या वेळी चाल सामान्य लिहिलंय. महिन्यात एवढा फरक? तेव्हा पायात काय होतं?"

छोटीने पायातल्या बुटांकडे पाहिलं.

"रोज कोणते घालता, बाई? हे की ते? ते चांगले असतील तर भत्ता बसत नाही. सरळ आहे."

"हेच," छोटी पुटपुटली. कारकुनाने मान वर केली आणि दारातल्या माणसाकडे पाहिलं.

"तुम्ही कोण यांचे?"

"भाऊ."

"ते आधीचे बूट तुम्हाला माहीत आहेत?"

दादाने घसा साफ केला. आयुष्यभर साठवलेलं सगळं भाषण तोंडाशी होतं. कर, पंखा, साहेब, चोर. ते ऐकायला तिघं माणसं समोर बसलेली, आणि खरोखरच पंख्याखाली. छोटी पट्टीच्या टोकाला एका पायावर भार देऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"माहीत आहेत," तो म्हणाला. "भिकार होते. टाकून दिले."

"कुणी केले होते?"

"होता एक. काम येत नव्हतं त्याला."

कारकुनाने तसं लिहून घेतलं आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. साक्षीदार म्हणून सही. दादाने चष्मा डोळ्यांवर आणला, सगळं वाचलं, 'पूर्वीचे बूट निकृष्ट दर्जाचे' हेही वाचलं, आणि सही केली.

"दरवर्षी तपासणी," डॉक्टर छोटीला म्हणाला. "मधे कधीही माणूस येऊन बघेल. घरी, रस्त्यात, कुठेही. दुसरे बूट दिसले तर भत्ता बंद, वर मागचा वसूल. कळलं?"

"कळलं. आभारी आहे," छोटी म्हणाली.

परत येताना दादा तिच्यापुढे दोन पावलं चालत होता. मग मागे राहिला. मग पुन्हा पुढे गेला. तिच्या आवाजाबरोबर पाऊल टाकता येत नव्हतं.

पहिला भत्ता आला त्या आठवड्यात ती नर्सबाईंकडे गेली. एक पिशवी, एक उशी. वहिनी थोडी रडली. दादाने उशी जिन्यापर्यंत उचलली.

दीड महिन्याने एका दुपारी तो दुकानात बसला होता. काम नव्हतं, म्हणून रापीला धार लावत होता. रस्त्यावर लांबून आवाज आला. थप्, आणि अर्धं. धारेचा दगड हातात तसाच राहिला.

छोटी आत आली, स्टुलावर बसली. खात्याचे बूट काढले. घोटा सुजला होता, टाचेवर जुनी जखम, तिच्यावर नवी.

"कंबर गेली माझी," ती म्हणाली.

"खोली कशी आहे?"

"छान आहे. दाराला आतून कडी आहे."

"साबण?"

"दोन आणले." ती हसली. मग फळीकडे पाहिलं. सगळ्यात वरच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेलं काही होतं. "टाकून दिलेस ना ते?"

"सही केलीय तशी."

दादा उठला. शटर खाली ओढलं, जमिनीपासून वीतभर ठेवून. दुकानात दुपारचीच संध्याकाळ झाली. त्याने वरून गुंडाळी काढली, फडकं सोडलं आणि बूट तिच्यापुढे ठेवले. चामड्याला ताजं तेल होतं.

छोटीने पाय घातले. वाद्या बांधल्या. भिंतीपासून शटरपर्यंत चार पावलं होती. ती गेली. वळली. आली. दादा तिच्या पायांकडे बघत नव्हता. तो डोळे मिटून बसला होता. एकसारखं, एकसारखं, एकसारखं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी शटरच्या फटीत बाहेर दोन काळे बूट येऊन थांबले. कुणी तरी पाटी वाचत असावं. दोघंही जागच्या जागी थिजले. छोटी फर्म्यांमधे भिंतीला हात लावून उभी राहिली, दोन्ही खांदे सारखे.

"जाऊ दे त्याला," ती हळूच म्हणाली. "मग काढते."