फळ्यांखालची हवा

दोन वर्ग, दोन शेगड्या, कोटांसाठी एकेचाळीस खुंट्या आणि दगडी जोत्यात, जमिनीच्या फळ्यांखाली हवा खेळवणारे आठ झरोके. मे महिन्यातल्या त्या सकाळी सायमीने शाळेला फेरी मारली. आठही झरोक्यांच्या झडपा बंद होत्या.

ती या शाळेत स्वयंपाक करायची आणि वर्ग घासायची. शाळा बंद पडल्यावरही थंडीपूर्वी झडपा लावणे, आणि बर्चच्या झाडांना उंदराच्या कानाएवढी पानं फुटली की उघडणे तिने चालू ठेवले होते. गेल्या वर्षी, झडपा उघडायच्या आधीच, गावाच्या संस्थेने इमारत सभागृहासाठी घेतली. तेव्हापासून ती इकडे फिरकली नव्हती.

"मावशी, गेल्या उन्हाळ्यात उघडल्याच नाहीत?" सुतार एन्सिओने विचारले. तो याच शाळेत शिकलेला.

"दारावर पाटी तुमची. मला कुणी सांगितलं?"

"आधी तरी कुणी सांगत होतं?" संस्थेची अध्यक्ष राइली म्हणाली. "आम्ही धरून चाललो, तुम्ही उघडल्या असणार."

"आधी शाळा बेवारशी होती. धनी असलेल्या घराला हात कोण लावतं? विचारायचंत."

"तुम्हाला विचारायचं? अख्खी किटली कॉफी संपते तेव्हा कुठे तुम्ही 'हं' म्हणता!"

"भांडा सावकाश," एन्सिओ म्हणाला. "मी खाली बघतो."

सायमीने सवयीने बूट दाराशी काढले. तीस वर्षे वाळू आणि साबणाने घासून फळ्यांचे मऊ लाकूड झिजले होते, गाठी तेवढ्या वर उरल्या होत्या. मोज्यांतून त्या तळव्यांना लागत होत्या.

एन्सिओने तीन ठिकाणी फळ्या उचकटल्या. खालून तळघरासारखा वास आला.

"लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत असला तर नुसतं वाळू द्यायचं," तो म्हणाला. "पंचवीसच्या वर गेला तर तुळया बदलायच्या. मग ही जमीन जाते. इतक्या झिजलेल्या फळ्या निघताना फुटतात."

"आणि युहान्नुसच्या सणाचा नाच?" राइलीने विचारले.

"अंगणात नाचा. जूनमध्ये कुणाला थंडी वाजते?"

"एखादी तरी तुळई राहील ना?" सायमी म्हणाली. "शेगडीजवळची कोरडी असायची. तेवढा तुकडा ठेवता येईल."

"तिथे ओलावा पंचवीसच्या आत निघाला, तर तेवढा ठेवतो. शब्द दिला."

तो पालथा झोपला आणि मोजणीयंत्राच्या दोन सुया त्याने तुळईत रोवल्या. राइलीने दिवा धरला.

खिडकीपाशी एकतीस. मध्ये तेहेतीस. शेगडीपाशी सव्वीस.