फडकं बांधलेली घंटा

मी घंटा. 'बोलतेय' म्हणायला कचरते, कारण कुणी दोर ओढल्याशिवाय मी कधी बोललेले नाही. काशाची आहे म्हणतात. कुठे ओतलं, आठवत नाही. महूच्या स्टेशनावरून बैलगाडीतून या खेड्यातल्या लहानशा चर्चवर आले, एवढं तरी खरं असावं.

पहाटेच्या प्रार्थनेसाठी मला वाजवत. पण माझ्या आवाजावर सगळं गाव उठायचं. कुणी म्हशीची धार काढायला बसे, कुणी गव्हाला पाणी सोडे, आणि इंदूरच्या कापड मिलमध्ये पहिल्या पाळीला जाणारे सायकली बाहेर काढत. प्रार्थनेला मात्र आवारात राहणारी दोघं-तिघंच. मी नेमकी कुणासाठी होते, हे मला कधी ठरवता आलं नाही.

दोर सखुबाईंच्या हातात असे. त्यांचे यजमान दिवाकर मिलच्या सूतखात्यात होते. नव्वदनंतर मिल बंद पडली. बाकीच्यांच्या सायकली थांबल्या, दिवाकरांची थांबली नाही. मी वाजले की ते उठत, डबा घेत, बंद फाटकासमोर दिवसभर बसून परत येत.

विजय नगरच्या एका नव्या ऑफिसात त्यांना चौकीदाराची जागा मिळत होती.

"गाड्यांना सलाम ठोकत बसू?" ते म्हणाले. "मिल खुलेगी, सखू. युनियनवाले बोलले ना."

"फाटकावर वेल चढलाय, अहो! ही जागा तरी तुमच्यासाठी रविवारपर्यंतच थांबणार."

सखुबाई पाद्रीसाहेबांकडे गेल्या. "पहाटेची घंटा बंद करा, साहेब. माणूस उठतो नि वाया जातो."

"प्रार्थनेची घंटा बंद कशी करू, बाई?"

"मग हळू वाजवते."

त्यांनी माझ्या लोलकाला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलं. दुसऱ्या पहाटे नुसतं थप, थप झालं. आपल्याला वाईट वाटेल अशी माझी समजूत होती. काहीच वाटलं नाही.

उन्हं वर आल्यावर दिवाकर धावत आले.

"सखू, ये क्या किया? दिवस गेला ना माझा!"

"कुठे गेला? अभी तो शुरू हुआ. चहा घ्या आधी."

ते तरातरा शिडी चढले. आता फडकं ओरबाडणार, असं मला वाटलं. पण ते गाठीकडेच बघत राहिले.

"ही काय गाठ मारलीस? दोन दिवसांत सुटेल."

मग तुटलेला धागा जोडावा तशी, बोटांच्या सवयीनं, त्यांनी ती पुन्हा मारली. ओढून पाहिली. खाली न बघताच विचारलं, "विजय नगरची बस किती वाजता असते?"

पुढे प्रार्थनेसाठी लाउडस्पीकर आला आणि फडकं कुणी काढलंच नाही. दोघंही आता नाहीत. शेतांत प्लॉट पडले. मला कुणी वाजवत नाही. त्याचं मला दुःख आहे की नाही, सांगता येत नाही.

रंगकामाला माणसं येणार आहेत म्हणे. फडकं काढायचं तर काढा. फक्त ब्लेड लावू नका. आधी हातानं सोडवून बघा. ती गाठ सुटत नाही.