चाकातला च

शेवटच्या वर्षाला अक्षरकलेच्या सरांनी सगळ्या वर्गाला एकच काम दिलं. वर्णमालेत नाही असं एक अक्षर तयार करा, म्हणाले, आणि खडू ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बारा जणांचा वर्ग खूश झाला. कोणी जांभईसाठी अक्षर काढलं, कोणी कुत्र्याच्या गुरगुरण्यासाठी. सर प्रत्येकाचा कागद बघायचे आणि तेवढंच विचारायचे, "दिसतंय छान. लागणार कोणाला?" त्यावर भले भले आपला कागद चुरगाळून टाकत.

बारकीला मात्र काहीच सुचत नव्हतं. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून ती बारकी, आणि कॉलेजातही तेच नाव चिकटलेलं. अक्षरांचं वेड तिला थोरल्या काकांमुळे लागलं. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं कामाचं दालन होतं आणि चालायला लागल्यापासून बारकी तिथल्या रंगाच्या डब्यांत वाढली. काका बोलायला फटकळ, पण ब्रश धरला की हात लोण्यासारखा.

त्या वर्षी काकांना झटका आला. उजवा हात गेला आणि भाषाही गेली. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा पाणी हवं असलं तरी बोट दाखवत. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपीच्या बाई यायच्या. पिशवीतून शब्दांची कार्डं काढून एकेक समोर धरायच्या. बारकी शेजारी बसून ऐकायची.

एकदा बाईंनी 'चाक' लिहिलेलं कार्ड धरलं.

"च्याक," काका म्हणाले. लगेच त्यांनी मान हलवली. चुकलं हे त्यांना कळत होतं.

"चाक," बाई म्हणाल्या.

"चाक." हे बरोबर आलं. पुढचं 'चित्र' एका दमात जमलं. मग आला 'चमचा'.

"च्यमच्या," काका म्हणाले, आणि कार्ड हिसकावून त्यांनी पालथं आपटलं. त्या दिवशी ते पुढे काही वाचेनात.

जाताना दारात बाईंनी बारकीला समजावलं. "आपण अक्षर वाचत नाही गं, आख्खा शब्द ओळखतो. म्हणून चाकातला च वेगळा आणि चित्रातला वेगळा, हे आपल्या लक्षातही येत नाही. काकांना अजून शब्द ओळखू येत नाहीत. ते बिचारे समोर लिहिलंय ते प्रामाणिकपणे वाचतात. त्यांचं काही चुकत नाही."

"मग कोणाचं चुकतं?"

"तुम्हा अक्षरवाल्यांचं," बाई हसून म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

बारकी तशीच दारात उभी राहिली. लागणार कोणाला, या प्रश्नाचं उत्तर आत खुर्चीत बसलं होतं, पालथ्या कार्डाकडे रागाने बघत.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं, चाकातल्या 'च'साठी अक्षर करते. सर म्हणाले, "खाली टिंब देऊन मोकळी होऊ नकोस. ते आधीच सुचलंय लोकांना." बारकीच्या डोक्यात नेमकं टिंबच होतं. तरी तिने टिंबाचं कार्ड करून काकांपुढे धरलं. काकांनी डावा अंगठा जिभेला लावला आणि टिंब खसाखसा पुसायला घेतलं. अक्षराखाली ठिपका म्हणजे ओघळलेला रंग, हे चाळीस वर्षांचं शिक्षण. शिवाय 'चूल' लिहायला गेलं की उकार आणि टिंब एकाच जागेसाठी भांडत. टिंब बाद झालं.

मग तिने पोटात गाठ मारलेला च काढला, शेपूट फुटलेला काढला, आडव्या रेघेवर काट मारलेला काढला. दोन महिन्यांत तिसाच्या वर कागद झाले. काका एकेक बघायचे आणि डाव्या हाताने बाजूला सारायचे. शब्द परत येत नव्हते, पण नापसंती पूर्वीसारखीच झणझणीत होती. काकू म्हणाली, "माझ्या भाजीलाही हे अस्संच करायचे. मनावर घेऊ नकोस."

एका रविवारी सकाळी बारकी नवे कागद घेऊन खालच्या दालनात गेली. काका खिडकीपाशी बसले होते. आजारपणानंतर त्यांनी ब्रशला हात लावला नव्हता. त्या दिवशी तिचा कागद न बघताच त्यांनी डब्यातला एक जाड ब्रश डाव्या हाताने उचलला, काळ्या रंगात बुडवला आणि पाठकोऱ्या कागदावर च काढायला घेतला. मधली आडवी रेघ थरथरली. वाटी कलली. काना तर पार झुकला. बारकीला बघवेना. तिने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो कोपराने ढकलला.

अक्षर पुरं झाल्यावर ते पुन्हा त्या मधल्या आडव्या रेघेच्या डाव्या टोकाशी आले आणि तिथून वर एक नखाएवढी उभी रेघ ओढली. मग त्यांनी तोंड उघडलं आणि ब्रशच्या मागच्या टोकाने आपल्या वरच्या दातांवर टकटक केलं.

"इथं," ते म्हणाले.

बारकीने मनातल्या मनात 'चाक' म्हटलं. जीभ दातांच्या मागे जाऊन टेकली. 'चित्र' म्हटलं, जीभ मागे टाळूकडे सरकली. तिने पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा तेच. दोन महिने ती जगभरचे फॉन्ट उलथेपालथे करत होती आणि एकदाही स्वतःच्या तोंडात डोकावली नव्हती. काकांनी अक्षराला दात दिला होता.

तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले. काकांनी ब्रश सांभाळला. तिच्या कपड्यांना रंग लागेल याची त्यांना जास्त काळजी.

त्यानंतर कामाला वेग आला. दात लांब झाला की शिरोरेघेला भिडायचा आणि अक्षर भलत्याचसारखं दिसायचं. आखूड झाला की बारीक छपाईत गायब. ठळक वळणात मधली फट बुजायची, म्हणून तिने दाताचं टोक तिरकं तासलं. तीन आठवडे ती तेवढ्या नखाएवढ्या रेघेशी झगडली. सरांना नेऊन दाखवलं तेव्हा त्यांनी काना बोटाने झाकून बघितला. "जोडाक्षरात काना जातो," ते म्हणाले, "पण तुझा दात डावीकडे आहे. अर्धं झालं तरी अक्षर ओळखू येतंय. हे मुद्दाम केलंस?"

"काकांनी केलं," बारकी म्हणाली.

"मग त्यांना परीक्षेला घेऊन ये."

परीक्षेच्या दिवशी काकूने काकांचा शर्ट दोनदा इस्त्री केला. "परीक्षा हिची आणि नटायचं ह्यांनी," असं पुटपुटत तिनेच त्यांचा भांगही पाडला. कॉलेजच्या हॉलमध्ये तीन परीक्षक बसले होते. त्यांतल्या बाहेरून आलेल्या बाईंनी आयुष्यभर फॉन्ट तयार केले होते. बारकीने तक्ते लावले, बोलली, आणि बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मुली, या 'च'ने आजवर कोणाचं अडलं नाही. संदर्भाने कळतं की."

"भाषा ज्यांना आधीच येते त्यांना कळतं," बारकी म्हणाली. "माझे काका ती नव्याने शिकताहेत."

काकांनी बारा कार्डं वाचली. चाक, चित्र, चोर, चंद्र, चमचा. एकही चुकलं नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली, पण बाई हलल्या नाहीत. "पाठ केली असतील. दोष देत नाही मी, कोणीही करेल."

त्या उठल्या आणि फळ्याशी गेल्या. बारकीच्या तक्त्याकडे दोनदा बघून त्यांनी मार्करने एक निरर्थक शब्द लिहिला, 'चापेर', त्यात दाताचा च. खाली दुसरा, 'नोचाल', त्यात नेहमीचा. मग जरा विचार करून तिसरा, 'चाचोर', त्यात पहिला दाताचा आणि दुसरा नेहमीचा. असे शब्द कुठेच नव्हते. पाठ करायला काही नव्हतं.

काका खुर्चीतून उठले. डाव्या हाताने टेबलाला धरून उभे राहिले आणि फळ्याकडे बघत राहिले. बारकीला वाटलं, आपण यांना इथे आणायला नको होतं. काकूने तिचा हात घट्ट धरला.

"चापेर," काका म्हणाले. दातांतून, स्वच्छ.

मग, "नोच्याल."

तिसऱ्याला वेळ लागला. ओठ दोनदा हलले. "चा," ते म्हणाले आणि थांबले. "च्योर. चाच्योर." आणि लगेच कपाळाला आठ्या घालून बाईंकडे वळले. "म्हणजे काय?"

सगळ्यांत आधी बाईच हसल्या. मग हॉल हसला, आणि कोणीतरी टाळी वाजवल्यावर सगळ्यांनीच वाजवली. काकूने डोळे पुसायला पदर शोधला, सापडला नाही, म्हणून काकांच्या इस्त्रीच्या शर्टालाच पुसले. बारकी मात्र फळ्याकडे बघत होती. तिच्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या बाईने, तिला न विचारता, एका दमात तिचं अक्षर लिहिलं होतं. हाताने लिहिलं गेलं होतं आणि वाचलं गेलं होतं. आता ते तिचं एकटीचं राहिलं नव्हतं.

बाईंनी मार्कर ठेवला. "टोक अजून अर्धा पॉइंट आखूड कर. आणि फाइल मला पाठव. आमच्या फॉन्टमध्ये घालून बघते."

निकाल त्याच संध्याकाळी लागला. बारकी वर्गात पहिली आली. पण त्याहून मोठी बातमी पुढच्या आठवड्यात थेरपीच्या बाई घेऊन आल्या. त्यांनी ती कार्डं आणखी चार जणांना दिली होती. त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका पहिल्याच दिवशी 'चाक' बरोबर वाचून रडल्या, आणि मग आपल्या वहीत त्यांनी ते अक्षर सगळं पान भरून गिरवलं.

"आता ज हवाय," बाई म्हणाल्या. "जिन्यातला जमतो, जुन्यातला अडतो. आणि मागे झ रांगेत उभाच आहे."

बारकीने काकांकडे बघितलं. काका आरशासमोर जाऊन बसले होते आणि तोंड उघडून, अगदी बारकाईने, आपली जीभ तपासत होते.