खिंडीतली पाचवी पाटी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका जुन्या लढाईची खिंड आहे. गेल्या दिवाळीनंतर सरकारी खात्याने तिथे पर्यटकांसाठी पायवाट आखली. वाटाड्याची गरज नाही. सात ठिकाणी पाट्या लावल्या, खांबावरच्या कोडावर फोन धरला की कानात गोष्ट सुरू.

पाचवी पाटी ठकूबाईच्या खळ्याशेजारी होती. ठकूबाई साठीची, तिला वाचता येत नव्हतं. कुणी पाणी मागितलं की ती तांब्या पुढे करी. फाल्गुनात ती वाल पाखडत बसली असताना पुण्याची राजनंदिनी नावाची मुलगी पाणी पिऊन म्हणाली, "आजी, त्या फितूर हैबतीचं घर इथेच ना?"

सूप थांबलं. "कोन फितूर?"

मुलीने पाटी वाचून दाखवली. वतनाच्या लोभाने हैबतीने शत्रूला मागची वाट दाखवली आणि खिंड पडली, त्याचं घर शेजारीच, असं तिथे छापलं होतं.

हैबती ठकूबाईच्या सासरचा मूळपुरुष. त्याच खिंडीत लढताना तो पडला. घरामागे त्याच्या नावाचा दगड आहे, दसऱ्याला घरची माणसं त्याला फुलं वाहतात. आणि चार महिने लोक तिच्या हातचं पाणी पिऊन तिच्याच घराकडे बोट दाखवत होते. ती रात्रभर धुमसत राहिली.

सकाळी एस.टी.ने ती महाडला त्या खात्याच्या कचेरीत गेली. तिथल्या कमलाकर साहेबांनी तिला बसायला सांगितलं.

"हैबती फितूर होता ह्ये कुनी सांगितलं?"

"लिहिणारे मुंबईचे. स्थानिक आख्यायिका असेल."

"स्थानिक आमीच. आमाला कुनी इचारलं नाय."

साहेब घुटमळले. "खिंड पडली म्हटल्यावर कोणीतरी फितूर दाखवावा लागतो, नाहीतर गोष्टीत जीव येत नाही. नाव तुमच्या त्या दगडावरूनच घेतलं."

"म्हंजे मेला त्याचं नाव घेतलंत, नि त्यालाच चोर केलंत."

"अर्ज द्या. पुढे पाठवतो."

सुनेने अर्ज लिहिला. महिना गेला तरी उत्तर नाही. मग एके दिवशी ठकूबाईने बादलीभर शेण कालवलं आणि पाटी वरपासून खालपर्यंत सारवली.

कमलाकर जीप घेऊन आले. सरकारी मालमत्तेची नासधूस केली, पोलिसांत देतो म्हणाले.

"द्या," ठकूबाई म्हणाली. "तितंबी ह्येच सांगेन."

वाडीची माणसं गोळा झाली होती. कुणी आवाज चढवला नाही, पण कुणी जागचं हललंही नाही. अखेर साहेबांनी पाटी उतरवून जीपमध्ये टाकली.

फोनातली फितुरीची गोष्ट मात्र कुणी बदलली नाही. खांबावरचा कोड तसाच आहे, लोक अजून त्यावर फोन धरतात. ठकूबाई हातातलं काम टाकून उठते, "कानातलं काढा आदी," म्हणते आणि त्यांना दगडापाशी नेते. काही जण ऐकून घेतात. परवा एकाने कानातलं न काढताच तिचा फोटो घेतला आणि पुढे चालू लागला. ठकूबाई खिंडीच्या तोंडापर्यंत त्याच्या मागे गेली, हैबती कसा पडला ते सांगत.