सुईवर राहिलेले टाके

सुईच्या टोकाला गुंडाळलेलं रबरबँड न काढताच रत्नाकररावांनी टाके मोजले. शहाऐंशी. घरून निघताना होते तेवढेच. एरवी ते क्लासला चालत येत, आज रिक्षा केली होती, आणि बंगळुरातल्या राजाजीनगरच्या सगळ्या खड्ड्यांतून येऊनही एकही टाका सुटला नव्हता. मग त्यांनी ते अर्धवट विणकाम वर्तमानपत्रातून काढून कस्तुराबाईंच्या मांडीवर ठेवलं. दोन्ही हातांनी, निजलेलं मूल द्यावं तसं.

कस्तुराबाई मूळच्या निपाणीच्या. लोकरीच्या दुकानामागच्या खोलीत त्यांचा क्लास चाले. खिडकीखालच्या बाकावर विणकाम, दाराजवळच्या बाकावर क्रोशा. नवीन माणसानं पहिल्याच दिवशी बाक ठरवायचा, असा त्यांचा नेम.

हा क्लास त्यांच्या लेकीनं, वल्लरीनं शोधून दिला होता. ती आणि जावई आशय व्हाइटफील्डला राहत, गावाच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी दहाला तिचा फोन येई. रत्नाकररावांच्या पत्नी, शुभदाताई, सप्टेंबरात गेल्या, तेव्हापासून प्रत्येक फोनच्या शेवटी एकच विषय असे: बाबांनी कशात तरी मन रमवावं, चार माणसांत बसावं. बाबांनी क्रोशा घ्यावा असं तिचं म्हणणं होतं. विणकामात सुईभर टाके जिवंत असतात, क्रोशात एकच, तेव्हा वाटेल तिथं हातातलं खाली ठेवता येतं. एवढं सगळं तिनं वाचून ठेवलं होतं. रत्नाकरराव ऐकून घेत. प्रत्यक्षात ते पहिल्या दिवशी सरळ खिडकीखाली जाऊन बसले. का, ते लेकीला सांगितलं नाही. ती विचारी तेव्हा म्हणत, बघू, ठरवतो.

कपाटात त्यांच्याच स्वेटरची पाठ होती. गेल्या वर्षीच्या दिवाळीत शुभदाताईंनी विणायला घेतलेली, मुंढ्यापर्यंत येऊन थांबलेली. थंडी संपायच्या आत ती पुरी करायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण हात ऐकेना. पाच आठवडे ते वीतभर तुकड्यावर सराव करत होते आणि टाका इतका आवळला जाई, की परतीच्या ओळीत सुई शिरायची नाही. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात तपासणी विभागात काढलेली. त्यांच्या सहीशिवाय एकही भाग पुढं जात नसे. बायका हसत. अण्णांचा स्वेटर घातला तर श्वास घ्यायला रजा काढावी लागेल, असं क्रोशाच्या बाकावरच्या विमलाबाई एकदा म्हणाल्या, तेव्हा तेही हसले होते.

कस्तुराबाईंनी चष्मा पुसला आणि पाठ उजेडात धरली. मग बोटं फिरवत खालून वर आल्या, आणि मध्येच थांबल्या.

"चांगला हात होता, अण्णा. एकसारखा." त्यांनी एका जागी नख टेकवलं. "हितपर्यंत."

"हितपर्यंत म्हणजे?"

"बघा की. खालचा टाका कसा दाण्यासारखा भरलाय. हितनं वर स्वल्प सैल. वर वर जाईल तसा जास्तच. हातात जोर नसला की असं होतंय." त्यांनी मान वर केली. "आजारी होत्या काय तवा?"

"जूनमध्ये कळलं."

एवढं बोलून रत्नाकररावांनी पाठ आपल्याकडे ओढली. मागून उलटी केली. नखाच्या जागेखाली दोन बोटांवर एक लहानशी गाठ होती. पहिला गुंडा संपून दुसरा जोडलेला. तो दुसरा गुंडा त्यांनीच चिकपेटेतून आणला होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. पिशवीत लोकर, संक्रांतीचे तीळ-एळ्ळू आणि उसाची कांडकी एकत्र होती, म्हणून शुभदाताई रागावल्या होत्या.

त्यांनी मनात संक्रांतीपासून जूनपर्यंतचे महिने मोजले. मग बोटांवर मोजले. पाच.

त्या दिवसांत ती एकदा म्हणाली होती, की अलीकडे विणताना मनगट भरून येतं, स्वेटर फार जड लागतो. त्यांनी पेपर खाली न घेताच सांगितलं होतं, की पुढच्या वेळी बारीक लोकर घे. रोज संध्याकाळी ते तिच्या समोरच्याच खुर्चीत बसत. मध्ये एक दिवा आणि चहाचे दोन कप. ती उठून त्यांच्या पाठीवर विणकाम लावून पाही, विती मोजी. ते म्हणत, आटप.

खोलीत बायकांचं बोलणं चालूच होतं. कस्तुराबाईंनी आवाज खाली आणला.

"गाठीपर्यंत उसवूया काय? मग तितनं तुम्ही विणा. सगळं सारखं दिसंल."

कारखान्यात त्यांनीही हेच सांगितलं असतं. त्यांनी पाठीवर तळवा ठेवला.

"उसवायचं नाही."

"मग असंच पुढं विणलं तर जोड दिसतोय बघा. त्यांचा सैल, तुमचा घट्ट."

रत्नाकररावांनी टाके पुन्हा मोजले आणि वर्तमानपत्राची घडी नीट घातली.

पुढच्या शुक्रवारी ते आले ते दाराजवळच्या बाकावर बसले. विमलाबाईंनी सरकून जागा दिली. म्हणाल्या, "या अण्णा, आमच्याकडं काम कमी, बातम्या जास्त." कस्तुराबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि एक हुक काढून दिला.

"पाठ आहे तिथंच मिटवायचीय," ते म्हणाले.

"सरी, तसंच करू," त्या म्हणाल्या.

हुकानं टाका उचलायचा, गुंड्याचा धागा त्यातून ओढायचा, मागच्या टाक्यातून बाहेर काढायचा. की एक टाका मिटला. त्यांनी आधी आपल्या आवळ तुकड्यावर करून पाहिलं. सगळे मिटले, की शेवटी एक उरतो, कस्तुराबाईंनी बजावलं. धागा कापायचा आणि त्यातून ओवून घ्यायचा. तोवर तो सोडायचा नाही. तो सुटला, तर मिटवलेले सगळे मागं उलगडत जातात.

रविवारी आंघोळ करून ते खुर्चीत बसले. कात्री जवळ ठेवली. रबरबँड काढलं. शुभदाताईंचे टाके सैल होते. हुक अडखळला नाही. एकेक टाका सुईवरून उतरत होता आणि सुई हलकी होत होती. चाळीस. साठ. ऐंशी. शेवटचा सुईवरून उतरला आणि हुकावर एकच टाका उरला, तेव्हा फोन वाजला.

त्यांनी टाक्यावर डावा अंगठा दाबला आणि उजव्या हातानं फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, ठरलं का शेवटी? निटिंग की क्रोशे?"

"क्रोशा."

"बघा, मी सांगतच होते." ती हसली. मग नेहमीचं सुरू झालं. ऑफिसची कॅब उशिरा येते, मेट्रोत उभं राहायला जागा नाही, स्वयंपाकाच्या बाई सुट्टीवर गेल्यात. एरवी या वेळी ते हं हं करत पेपर चाळत. आज हात अडकलेला होता, म्हणून नुसतं ऐकत राहिले. बोलणं तेच होतं, पण मधल्या जागा मोठ्या झाल्या होत्या. वाक्य संपायच्या आधीच ती ते सोडून देत होती.

आणि आशयचं नाव आलं नव्हतं.

मागच्या रविवारीही आलं नव्हतं. त्याच्या मागच्या? ते एकेक रविवार मागं जात राहिले. दिवाळीत दोघं जेवायला आली होती; तो पान अर्धं टाकून, काम आहे म्हणून लवकर निघाला होता. त्यानंतर नाव नव्हतं. सात रविवार.

"चला बाबा, ठेवते. गोळ्या घ्या वेळेवर."

"वल्लरी."

"हं?"

"आशय घरी आहे?"

पलीकडे कुणाच्या तरी गॅलरीत कबुतरं घुमत होती. तेवढंच ऐकू येत होतं.

"मी आज येतो," ते म्हणाले. "मॅजेस्टिकला मेट्रो बदलायची ना?"

फोन चालूच होता. रत्नाकररावांनी कात्री कोपरानं दूर सारली, आणि अंगठा टाक्यावर तसाच दाबून धरला.