अकल-अकलान

आपल्या अकलेची सख्खी बहीण जावा बेटावर नांदते, तिथेही तिला 'अकल'च म्हणतात. एकदा म्हटलं तर शहाणपण. जोडून 'अकल-अकलान' म्हटलं, की निव्वळ लबाडी. पण नवऱ्याच्या तोंडून निघालेली ती एकेरी अकल वागिनेमच्या वाट्याला काही कधी आली नव्हती.

ती शाबासकी गेली शेजारच्या विधवा सुपिनीच्या वाट्याला. सोयाबीन महागलं तेव्हा सुपिनीनं रानशेंगांचे दाणे आंबवून, एरवी सोयाबीनच्या होतात त्या टेंपेच्या वड्या केल्या आणि बाजारात हातोहात खपवल्या. वागिनेमचा नवरा तुगिमान जेवता जेवता म्हणाला, "बाई एकटी, पण अकल आहे हो!" वागिनेमच्या अंगाचा तिळपापड झाला. सतरा वर्षं याला भात वाढतेय, मला कधी म्हणाला का मेला?

"अकल कसली डोंबलाची? अकल-अकलान!" ती पाणवठ्यावर सांगत सुटली.

मग एका सकाळी तुगिमाननं शिडी खांद्यावर घेतली. "सुपिनीची कौलं सरकलीत. बसवून आलोच."

वागिनेमनं उंबऱ्यातच बसकण मारली आणि नवऱ्याला हाक घातली. "कांग, माझ्या अंगात वारा शिरलाय! मळमळतंय, पाठ धरलीय. मला टाकून जाऊ नका हो!"

तुगिमान शिडी टाकून धावला आणि आणलं कुणाला? सुपिनीलाच! वारा उतरवायला गावात हात तिचाच. पाठीला तेल लावून नाणं घासायचं. वारा असेल तर लाल वळ उठतात, नसेल तर पाठ कोरी. वागिनेमनं पाठ भिंतीला घट्ट टेकवली.

सुपिनीनं चारदा नाणं ओढलं. पाठ कोरी. ती कानाशी वाकली. "ताई, हे तर अकल-अकलान."

झालं! दाराशी तुगिमान उभा. आता ही सांगणार आणि पाणवठ्यावरचं सगळं वसूल करणार. पण सुपिनीनं नाणं असं दाबून ओढलं की वागिनेम किंचाळलीच. लालभडक वळ उठले.

"बघा कांग, केवढा वारा! तीन दिवस हिला सोडून हलू नका. माझी कौलं थांबतील." कांग कुणा दादालाही म्हणतात, पण तिनं त्याला म्हटलं, तेही वागिनेमला झोंबलं.

सुपिनी गेली. तुगिमान आल्याचा काढा घेऊन आला. "किती भली बाई! स्वतःचं घर गळतंय, तरी..."

हे मात्र वागिनेमला सोसवेना. सोलून निघाली माझी पाठ आणि कौतुक तिचं!

"वारा-बिरा काही नव्हता! सोंग केलं मी. तिला कळलं, तरी ती खोटं बोलली. म्हणा आता तिला भली!"

तुगिमाननं वाटीतला काढा ढवळला. मग म्हणाला, "ती तुझ्यासाठी खोटं बोलली. तू कुणासाठी?"

"तुमच्यासाठी!" वागिनेमला रडू फुटलं. "तुम्ही तिच्याकडे जाऊ नये म्हणून!"

"म्हणजे दुखत काही नाही?"

तिनं मान हलवली. नाही.

तुगिमाननं वाटी खाली ठेवली. "मग काढा पिऊन घे. दुपारी जेवायला येतो," म्हणाला आणि शिडी उचलून सुपिनीच्या घराकडे निघाला.