चौदा कागदांवर 'नाय'

त्या सकाळी प्राजक्ता पनवेलहून नेऱ्याच्या एसटीत बसली तेव्हा ती घाबरलेली होती. भीती कसली म्हणाल, तर चौदा कागदांची.

कुष्ठरोगानं बधिर झालेल्या हातांना विळा नीट धरता यावा, म्हणून प्राजक्तानं, अधू हातांना पुन्हा कामाला लावणाऱ्या या व्यवसायोपचाराच्या ताईनं, एक जाडसर लाकडी मूठ बनवली होती. नेऱ्यापलीकडच्या वाडीत चौदा जणांनी कापणीचे पाच आठवडे ती वापरून बघितली. दर आठवड्याला प्राजक्ता प्रत्येकाच्या कागदावर नोंद करायची. फोड? नाय. जखम? नाय. संशोधन करणारी मुंबईची संस्था खूश. उद्या अहवाल पोचला की पाचशे मुठींचं काम सुताराकडे जाणार होतं.

आणि काल अहवाल लिहिताना बाईंच्या डोक्यात उजेड पडला. अहो, नव्या चपलेनंसुद्धा फोड येतो, मग चौदा जणांत एकालाही नाही? ती नुसतं विचारत होती. हात उघडून बघायचा रकाना कागदावर नव्हता, म्हणून बाईंनीही बघितलं नाही. शिकलेली माणसं ही अशी.

ती वाडीत पोचली तेव्हा त्या चौदांपैकी एक, शुक्री, चुलीशी बसली होती, उजवा हात पदराखाली.

"हात दाखव, शुक्री."

"बरा हाय, ताय. लिवा ना तसा."

प्राजक्ता तिच्याशेजारी टेकली. तिनं पदर सारला, फडकं सोडलं. घाण वास आला. अंगठ्याच्या बुडाशी खोल जखम होती, आत पांढरं हाड दिसत होतं. शुक्रीला दुखतच नव्हतं.

"बोलली का नाहीस गं?"

"ती तुमची परीक्षा नं? फोड सांगितला तर तुमी नापास. मंग तुमाला काढतील. नवी बाय आमच्या हाताला हात लावल का? आमी समद्यांनी ठरवला, नाय म्हणाचा."

"सगळ्यांनी?"

शुक्रीनं मान हलवली. दारात तिचा नवरा गोमा येऊन उभा राहिला होता, मागे शेजारपाजारचे. सगळ्यांचे हात पाठीमागे.

"अंगठा ऱ्हाईल ना, ताय?" शुक्रीनं विचारलं.

"माहीत नाही गं." प्राजक्ता उठली. ती दाराकडे वळली. "हात पुढे करा."

कोणी हललं नाही.

"मी नापास झाले," ती म्हणाली. "झाले, बघा. आता तरी दाखवा."

तेव्हा कुठे गोमानं हात पुढे केला.